ऑफिसच्या मेलला रोज तोच एरर

देशपांडे काका (सचिव): ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक उघडलं की 'सिक्युरिटी सर्टिफिकेट कॅनॉट बी व्हेरिफाइड' येतं. रोज येस दाबून कंटाळा आला.

शिंदे काका (बी-२०३): डिजिटल सहीची मुदत संपली असेल. सीएंना विचारा.

मंदार (सी-१०१): नाही काका, ती सही वेगळी, टोकनवाली. हे मेल सर्व्हरचं ओळखपत्र आहे. देशपांडे काका, आधी घड्याळ बघा. मदरबोर्डचा सेल गेला की तारीख मागे जाते आणि हाच एरर येतो.

देशपांडे काका: तारीख बरोबर आहे.

मंदार: मग त्या खिडकीत 'व्ह्यू सर्टिफिकेट' दाबून फोटो टाका.

देशपांडे काका: 📷

मंदार: लेट्स एन्क्रिप्टचं आहे, म्हणजे सर्व्हरना अशी ओळखपत्रं देणाऱ्या संस्थेचं. तिचं मूळ सर्टिफिकेट म्हणजे 'रूट', त्यावरून कॉम्प्युटर बाकीची खरी का ते ठरवतो. त्यांचं जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवं 'आयएसआरजी रूट एक्स१' आपल्या विंडोज ७ मध्ये आलंच नाही, कारण कोणीतरी अपडेट बंद करून ठेवलेत.

शिंदे काका: भाच्याने रूटची फाईल पाठवलीय, ग्रुपवर टाकतो. तीच घाला, मोकळे व्हा.

मंदार: नको नको! 🙏 असलं कुठूनही आलेलं रूट घातलं की ज्याच्याकडे त्याची चावी (सही करायचा गुप्त कोड), तो बँकेच्या साइटचंही खोटं सर्टिफिकेट बनवू शकतो आणि आपला कॉम्प्युटर चकार शब्द काढणार नाही. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं असंच रूट निघालं होतं. सगळ्या लॅपटॉपना एकच चावी!

जोशी काकू (ए-३०१): आज पाणी ११ ला बंद होणार का?

देशपांडे काका: हो काकू, १ पर्यंत. मंदार, मग फाईल कुठून घ्यायची?

मंदार: लेट्स एन्क्रिप्टच्याच साइटवरून, पण माझ्या लॅपटॉपवर. तुमच्या कॉम्प्युटरवर ती साइट उघडायला गेलात तर तिथेही बहुधा हाच एरर येईल 😄 पेनड्राइव्हवर आणतो. डबल क्लिक, 'इन्स्टॉल सर्टिफिकेट', मग स्टोअर आपण निवडायचं: 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज'. आपोआपवर सोडलं तर भलत्याच कप्प्यात जाऊन बसतं. शेवटी विंडोज इशारा देतं, त्यात थंबप्रिंट, म्हणजे त्या सर्टिफिकेटची ओळख पटवणारा लांबलचक आकडा असतो. तो 'सीएबीडी२ए७९'ने सुरू व्हायला हवा. पूर्ण आकडा मी लिहून आणतो, दोघांनी मिळून जुळवू. एक अक्षर जरी चुकलं तरी 'नो'.

शिंदे काका: एवढा खटाटोप? त्यापेक्षा येस दाबलेलं परवडलं.

मंदार: काका, मधे बसून कोणी पासवर्ड ढापत असेल तरी हीच खिडकी येणार. रोज येस दाबायची सवय लागली की त्या दिवशीही येसच दाबणार ना?

जोशी काकू: या नव्या रूटने २०३५ पर्यंत चालेल का रे?

मंदार: काकू, तुम्हाला कसं माहीत? ४ जून २०३५ पर्यंतच आहे ते 😮

जोशी काकू: फोटोतलं वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या साइटवर बघितलं.

देशपांडे काका: तोवर तो कॉम्प्युटर टिकणार नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. नवा घ्यायचा विषय सभेत मांडतो. मंदार, संध्याकाळी ७ नंतर ये, ऑफिसची चावी वॉचमनकडे आहे.