इन्फ्रारेड धुळीतनं आरपार जातो म्हणतात, मग तिथंपण धुळीची दुरुस्ती कशाला?

कणकुंबी_पहाट
नमस्कार सगळ्यांना. पाडव्याच्या आदल्या अमावास्येला आम्ही चौघं जांबोटीच्या पुढं कणकुंबीला गेलतो, पहाटे चारला वृश्चिकाच्या शेपटीपाशी आकाशगंगा अशी दिसली की कुणाच्या तोंडातनं शब्द फुटंना, आणि मधोमध तो काळा पट्टा. पट्टा म्हणजे धूळ हे माहीत आहे. पण सगळीकडं वाचतो की इन्फ्रारेड प्रकाश धुळीतनं आरपार जातो आणि लगेच पुढं इन्फ्रारेडच्या मापांनापण धुळीची दुरुस्ती करतात म्हणे, मग आरपार कसलं ओ? आणि तिथं ‘लाल पडणं’ म्हणजे काय, तो तर लालच्याही पलीकडचा. ऊसाच्या ट्रॅक्टरमागं धुरळ्यात पुढचा दिवा तांबूस दिसतो तसंच काय हे?

निपाणी_मास्तर
ट्रॅक्टरचा धुरळा नको धरू, गुऱ्हाळाचा विरळ धूर धर. रस्त्यावरचे कण प्रकाशलहरीपेक्षा कितीतरी जाड, ते सगळे रंग जवळपास सारखेच अडवतात, तांबूसपणा येतो तो आपल्या मातीचा. ताऱ्यांमधली धूळ धुरासारखी, कण मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) दहाव्या हिश्श्याच्या आसपास, वाळूच्या जातीचं सिलिकेट आणि काजळीसारखा कार्बन. अशा बारीक कणांत निळा जास्त अडकतो, लाल कमी, इन्फ्रारेड त्याहून कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, सगळी मेख तिथंच आहे बघ.

आकाशगंगेचं केंद्र घे. डोळ्याच्या प्रकाशात तिथली धूळ सुमारे ३० मॅग्निट्यूड (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) खाते, म्हणजे एक लाख कोटी फोटॉन निघाले तर पोचतो एक. २.२ मायक्रॉनला, के बँडमधे (बँड म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा), तीच धूळ खाते अडीच ते तीन, म्हणजे दहा-पंधरातला एक तरी पोचतो. म्हणून १९६८ मधे बेकलिन आणि नॉयगेबाउअर या खगोलशास्त्रज्ञांना २.२ मायक्रॉनला ते केंद्र सापडलं. पण अडीच मॅग्निट्यूड विसरलास तर नुसत्या तेजावरनं काढलेलं अंतर तीन पटीहून जास्त चुकतं, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांचे ८० हजारांच्या वर जातात! दुरुस्ती त्यासाठी.

लाल पडणं म्हणजे डोळ्याला लाल दिसणं नव्हे. जे बँड १.२५ मायक्रॉन, एच १.६५, के २.२. धुळीमागचा तारा जे बँडमधे सगळ्यात जास्त मंदावतो, के बँडमधे सगळ्यात कमी, त्यामुळं जे वजा के हा आकडा (दोन बँडमधल्या मॅग्निट्यूडचा फरक, यालाच ‘रंग’ म्हणतात) वाढतो. बास, तेच.

कणकुंबी_पहाट
सर हे डोक्यात बसलं. पण काही तारे मुळातच थंड आणि लाल असतात की, मग लाली ताऱ्याची की धुळीची हे कसं कळायचं?

टिळकवाडी_आठ_इंची
एकाच रंगावरनं नाही कळत, दोन लागतात. बहुतेक ताऱ्यांचा अंगचा एच वजा के आकडा लहान असतो आणि ताऱ्याताऱ्यात फारसा बदलत नाही, म्हणून तो फुगलेला दिसला की वरचं बहुतेक धुळीचं, आणि त्यावरनं वाटेत किती धूळ आहे तेपण काढता येतं. जे-एच आणि एच-के आलेखावर मांडलं की धुळीनं सरकलेले तारे एका ठरलेल्या दिशेनं तिरके सरकतात. टूमास सर्व्हेनं १९९७ ते २००१ मधे ॲरिझोना आणि चिलीमधनं अख्खं आकाश याच तीन बँडमधे मोजलं. भुजंगधारीतला बार्नार्ड ६८ हा काळा ढग नेटवर बघाच, साध्या प्रकाशात आकाशाला भोक पडल्यागत दिसतो आणि के बँडच्या फोटोत मागचे तारे उगवतात, मधे जातील तसे जास्त लाल.

निपाणी_मास्तर
एक राहिलं. लहर लांब केली की धूळ कमी कमीच होत जाते असं धरून चालू नको. ९.७ मायक्रॉनला सिलिकेट प्रकाश गिळतं, तिथं प्रकाशाची झीज परत वर चढते. आणखी पुढं दूरच्या इन्फ्रारेडमधे तर ती थंड धूळ स्वतःच चमकते, तुम्ही बघितलेला काळा पट्टा तिथं उजळ दिसतो.

कणकुंबी_पहाट
काळा पट्टा उजळ! पुढच्या अमावास्येला तिथंच उभं राहून पोरांना हे सांगणार.