सर्व्हिस वर्करमध्ये ॲक्सिऑसची विनंती का जात नाही?

प्रश्न: पानावर व्यवस्थित चालणारा ॲक्सिऑसचा (सर्व्हरला विनंत्या पाठवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा) कोड सर्व्हिस वर्करमध्ये (पानापासून वेगळ्या, ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) नेल्यावर योग्य ॲडॅप्टर (विनंती प्रत्यक्ष पाठवणारा भाग) उपलब्ध नसल्याची एरर येते. आवृत्ती १.६ आहे. स्वतःचा ॲडॅप्टर लिहावा लागेल का?

उत्तर १: सर्व्हिस वर्करमध्ये एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट (विनंती पाठवण्याची ब्राउझरची जुनी सोय) नसते आणि नोडचे (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचे) एचटीटीपी मॉड्यूल ब्राउझरमध्ये नसते, त्यामुळे आपल्या आवृत्तीतील दोन्ही ॲडॅप्टर तिथे निरुपयोगी ठरतात. २०२४ मध्ये आलेल्या १.७ आवृत्तीत फेच (विनंती पाठवण्याची ब्राउझरची नवी सोय) वापरणारा ॲडॅप्टर आहे. तो आपोआप निवडला जातो, तरी सेटिंगमध्ये ॲडॅप्टर म्हणून 'फेच' स्पष्ट लिहिलेले मला अधिक बरे वाटते.

उत्तर २: आवृत्ती बदलणे शक्य नसेल तरच स्वतःचा ॲडॅप्टर लिहावा. तो म्हणजे कॉन्फिग (विनंतीची सेटिंग) घेऊन प्रॉमिस (पुढे मिळणाऱ्या निकालाची वस्तू) परत करणारे एक फंक्शन; इंटरसेप्टर (विनंती-प्रतिसाद मध्येच हाताळणारी फंक्शने) आणि डेटाचे रूपांतर त्याच्या बाहेर घडत असल्याने त्यांना हात लावावा लागत नाही. अडचण वेगळीच आहे: फेच ४०४ किंवा ५०० आले तरी प्रॉमिस नाकारत नाही, आणि व्हॅलिडेटस्टेटसची (कोणता स्टेटस कोड यशस्वी मानायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगची) तपासणी ॲडॅप्टरच्या आतच होत असल्याने, ती आपण लिहिली नाही तर अपयशी प्रतिसादही मुकाट्याने थेनमध्ये (यश हाताळणाऱ्या भागात) जातो, कॅच (चूक हाताळणारा भाग) रिकामाच राहतो. टाइमआउटचेही तसेच; त्यासाठी ॲबॉर्टकंट्रोलर (चालू विनंती रद्द करण्याची सोय) स्वतः जोडावा लागतो.

प्रश्नकर्ता: १.७ वर नेल्यावर एरर गेली. फाइल अपलोडची प्रगती मात्र दिसत नाही.

उत्तर १: ती फेचमध्ये विनंतीचे स्ट्रीमिंग (डेटा तुकड्यातुकड्याने पाठवणे) असलेल्या ब्राउझरमध्येच मिळते. अपलोड पानावरूनच, जुन्या, एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच्या ॲडॅप्टरने करावे.