क्रूझवरच्या कृत्रिम लाटेवर पहिल्यांदाच उतरायचंय, तयारी काय करावी?

शाहूपुरीकर

मे महिन्यात सिंगापूरहून क्रूझ आहे. आम्ही दोघं आणि १२ वर्षांचा मुलगा. जहाजावर फ्लोरायडर आहे, म्हणजे सर्फिंगची कृत्रिम लाट. तिघांनाही उतरायचंय. माहितगारांनी सांगावं :

पोहणं यावंच लागतं का? मला येतं, बायकोला जेमतेम येतं.
मुलाची उंची ४ फूट ९ इंच आहे, त्याला सोडतील का?
जहाजावरचा पैसे भरून घ्यायचा क्लास घ्यावा का?
कपडे कसले न्यावेत?
अजून दोन महिने हातात आहेत, इथं कोल्हापुरात बसून काही सराव होईल का?

बंधाऱ्यावरचा

आधी ही लाट काय आहे ते डोक्यात बसवा. निम्मी माणसं तिथंच चुकतात.

समुद्रात लाट चालत येते आणि माणूस तिच्याबरोबर पुढं जातो. इथं लाट जागची हलत नाही, पाणी पळतं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरून पाण्याची चादर उतरते ना, ती डोळ्यांसमोर आणा आणि उलट्या दिशेनं फिरवा. खालच्या कडेच्या फटीतून पंप पाणी मारतात, ते ताशी ३० ते ५० किलोमीटर वेगानं उतार चढून वर जातं आणि वरच्या टोकाला खाली पडून पुन्हा पंपाकडं. मिनिटाला लाखभर लिटरच्या वर पाणी असं फिरत असतं, पण थर फक्त दोन-तीन इंचांचा. त्याखाली फोम आणि फोमवर ताणून बसवलेलं जाड कापड.

आता तुम्ही बोर्डवर, म्हणजे सर्फिंगच्या फळीवर आहात. तुमचं वजन तुम्हाला उतारावरून खाली, फटीकडं ओढतं. पाणी तुम्हाला वर ढकलतं. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की तुम्ही जागच्या जागी तरंगता. वजन थोडं पुढं टाकलं की बोर्ड खाली सरकतो, मागं टाकलं की वर जातो. सगळी गाडी एवढ्यावर चालते, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही तुमच्या पायांतच.

वजन जरा जास्तच पुढं गेलं तर बोर्डचं नाक पाण्यात घुसतं. पाणी समोरून येत असतं, त्यामुळं बोर्ड जागीच अडतो आणि माणूस तोंडावर फेकला जातो. पहिल्या दिवशीचं बहुतेक पडणं हेच.

पोहण्याबद्दल : खोल पाणी कुठंच नाही, त्यामुळं पोहता आलंच पाहिजे असं नाही. पण पडल्यावर नाकातोंडात जोरात पाणी जातं. वहिनींनी दोन महिन्यांत अंबाई टँकवर तोंड पाण्याखाली घालून श्वास सोडायचा सराव केला तरी पुष्कळ. घाबरून श्वास आत ओढायची सवय मोडली पाहिजे, हात-पाय मारण्यापेक्षा हे महत्त्वाचं.

मीठपाणी

वरचं सगळं बरोबर. उंचीचं सांगतो. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर पोटावर झोपून करायच्या बूगी बोर्डला ५२ इंच, म्हणजे ४ फूट ४ इंच लागतात. उभं राहून करायला ५८ इंच, म्हणजे ४ फूट १०. तुमचा मुलगा झोपून करू शकतो, उभं राहायला एक इंच कमी पडतोय.

दोन्हींच्या वेळा वेगळ्या असतात. बूगीच्या वेळेत उभं राहू देत नाहीत आणि उभ्यांच्या वेळेत बूगी नाही. वेळापत्रक जहाजाच्या ॲपमध्ये रोजचं रोज येतं. उतरण्याआधी जोखमीच्या कागदावर सही लागते, मुलाची आई-वडिलांनी करायची. तो कागद वाचून सही करा. खांदा निखळणं, मनगट मोडणं हे तिथं खरंच होतं. मान, पाठ, हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर उतरू नये.

गर्दीचा हिशोब असा : जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी दुपारी सगळ्यात लांब रांग. जहाज पेनांग किंवा फुकेतला लागलं की लोक शहर बघायला उतरतात, त्या दिवशी लाट सुरू असेल तर रांगेत मोजकी माणसं. एका पाळीला साधारण मिनिटभर किंवा पडेपर्यंत, जे आधी होईल ते. त्यामुळं रांग छोटी असणं हाच खरा सराव. दहा वेळा पडायला मिळालं तर अकराव्यांदा उभं राहता येतं.

आणि पहिल्या दिवशीचा पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते, तोवर पहिल्या दुपारची पाळी हुकलेली असते.

कळंबा नाका

तिकीट काढलंय का? नसेल तर जहाजाचं नाव आधी तपासा. सिंगापूरहून फिरणारं जहाज हंगामागणिक बदलतं. क्वांटम, अँथम, ओव्हेशन, स्पेक्ट्रम या चौघांवर ही लाट आहे. ओएसिस, अल्यूर, हार्मनी, सिम्फनी यांच्यावर दोन-दोन आहेत. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर नाही. ते जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनकडं होतं म्हणून लोकांची गल्लत होते.

ही लाट मुळात जहाजासाठी बनलेलीच नव्हती. टॉम लॉकटेफेल्ड या कॅलिफोर्नियाच्या माणसानं ती काढली, १९९१ मध्ये टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्सच्या वॉटर पार्कमध्ये पहिली बसली. जहाजावर आली २००६ मध्ये, फ्रीडम ऑफ द सीजवर. जमिनीवरचं यंत्र जहाजाच्या सगळ्यात वरच्या डेकवर, मागच्या टोकाला नेऊन ठेवलंय, म्हणून वारा वाढला, वीज चमकली किंवा जहाज डोलायला लागलं की बंद करतात. जहाज एका अंगाला कललं की पाण्याचा थरही एका बाजूला जाड होतो, मग कितीही तयारीचा माणूस घसरतो. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. पहिली संधी मिळेल तेव्हा उतरा.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून विमान, हे एकाच दिवसात बसवायचा मोह टाळा. सिंगापूरला एक मुक्काम आधी ठेवा. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे का बघून घ्या, कारण जहाज परत सिंगापूरलाच लागतं. विमा काढताना साहसी खेळ धरलेत का ते पॉलिसीत वाचा.

तालीमवाला

उभं राहण्याबद्दल मी लिहितो. आपल्याकडच्या पोरांची एक ठरलेली चूक आहे.

कुस्तीचा पवित्रा अंगात मुरलेला असतो : कमरेत वाकायचं, डोकं पुढं, वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर. इथं नेमकं उलटं पाहिजे. वजनाचा मोठा वाटा, दहातले सात-आठ भाग, मागच्या पायावर. मागचा गुडघा वाकलेला, पुढचा पाय जवळजवळ सरळ पण ताठ नाही. कमरेतून वाकायचं नाही, पाठ सरळ. नजर समोर, पाणी जिथून येतं तिकडं. पायाकडं बघितलं की डोकं खाली जातं, डोक्यामागं खांदे आणि खांद्यांमागं वजन. पुढं काय होतं ते वर लिहिलंयच.

दुसरी चूक कडेची. बोर्ड पाण्यावर सपाट राहिला पाहिजे. बोटांवर किंवा टाचांवर जोर दिला की एक कड पाण्यात रुतते आणि बोर्ड पायाखालून निघून जातो. हे इतक्या झटक्यात होतं की सावरायला वेळच नसतो. पाऊल पूर्ण टेकवून, सैल.

सुरुवातीला तिथला शिक्षक हात धरून पाण्यात घेतो. लोक त्याच्या हातावर भार टाकतात, मग त्यानं हात सोडला की त्याच बाजूला कोसळतात. हात फक्त टेकवल्यासारखा धरा.

कुठला पाय पुढं हे इथंच ठरवून जा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावलं पळत येऊन घसरा. जो पाय आपोआप पुढं जातो तो पुढचा. तीन-चार वेळा करून बघा, कारण पहिल्यांदा माणूस मुद्दाम ठरवून पाय टाकतो.

उद्यमनगरी

घरी सरावाची फळी करता येते, खर्च किरकोळ. १८ मिमी प्लायवूडचा ३० इंच लांब, १० इंच रुंद तुकडा. ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा, जाड भिंतीचा घ्या, पातळ पाइप माणसाच्या वजनानं चेपतो. फळीच्या खाली दोन्ही टोकांना इंचभर जाडीची लाकडी पट्टी स्क्रूनं मारा, म्हणजे पाइप निसटून बाहेर जाणार नाही. स्क्रूचं टोक वर आलं नाही ना ते हात फिरवून बघा. वरच्या बाजूला सँडपेपर चिकटवला तर पाय घसरत नाही.

पाइप सतरंजीवर ठेवायचा, गुळगुळीत टाइल्सवर नको. फळी पाइपवर आडवी, पाय टोकांपासून जरा आत. पहिले आठ दिवस भिंतीला हात लावून. मग मागच्या पायाकडची बाजू किंचित खाली ठेवून पाइप जागेवर थोपवायचा. लाटेवर पायांना नेमकं हेच काम असतं. रोज दहा मिनिटं पुरे. मुलाला एकट्याला सोडू नका, मागं पडला तर डोकं आपटतं.

जलपरी४१६

कपड्यांचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. हे पाणी अंगावरचे कपडे अक्षरशः ओढून काढतं. बायकांनी एकसंध स्विमसूट, त्यावर पूर्ण बाह्यांचा घट्ट रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला चिकटणारा टी-शर्ट, आणि खाली घट्ट स्विम लेगिंग किंवा शॉर्ट. सुती टी-शर्ट नको, भिजून जड होतो आणि थेट गळ्याशी येतो. पुरुषांनी नुसत्या इलॅस्टिकची चड्डी नेऊ नये, नाडीची न्यावी, नाडीला दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचावीत. पूर्ण बाह्या हव्यातच, कारण खालच्या कापडावर घासून कोपरं आणि गुडघे सोलवटतात आणि त्यावर पुढचे चार दिवस पाणी झोंबतं.

मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, अंगठ्या, मुलाच्या कमरेचा करदोडा, हातातला गंडा, सगळं खोलीतल्या तिजोरीत. दागिना वाहून जाईल ही वेगळी गोष्ट, पण साखळी बोर्डला किंवा बोटाला अडकली तर इजा होते. चष्मा काढावा लागतो, कॉन्टॅक्ट लेन्स पहिल्याच पडण्यात जाते. लांब केसांची घट्ट वेणी घालून आत खोचा. क्लिप, पिना नकोत.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फळी करायला टाकतो. क्लासचं राहिलं. आणि पडायचं कसं? बायको त्यालाच भितेय.

मीठपाणी

आधी पडण्याचं. पडतोय असं वाटलं की भांडू नका, बसा. मागं किंवा कुशीवर, खाली बसल्यासारखं. हात छातीशी आवळा, हनुवटी छातीला. तळहात टेकवून सावरायला गेलात की पाणी हात मागं खेचतं आणि वरून अंगाचा भार येतो, मनगट किंवा खांदा तिथंच जातो. पडल्यावर अंग गोळा करून ठेवा, पाणी तुम्हाला दोन सेकंदांत वरच्या मऊ कठड्याला नेऊन टाकतं. तिथं लगेच उठा आणि बाजूला व्हा. बोर्ड तुमच्यामागून येत असतो, तो लागू शकतो. वहिनींना घरी गादीवर सवय करून घ्या : उभ्यानं कुशीवर बसायचं, हात छातीशी. वीस-पंचवीस वेळा झालं की हात आपोआप आत येतात.

क्लासबद्दल माझं मत : आधी एक दिवस फुकटच्या पाळीत बूगी करा. पाण्याचा जोर अंगाला कळू द्या. मग उभं राहायचा क्लास घ्या, तासाभराचा असतो, माणसं मोजकी.

तालीमवाला

मी क्लास पहिल्याच दिवशी ॲपवर धरून ठेवीन. जागा थोड्या, त्या लवकर भरतात. आणि चुकीची सवय लागायच्या आत शिक्षक मिळालेला बरा. दोन दिवस पुढं वाकून पडल्यावर ते मोडायला आणखी दोन दिवस जातात, आणि सहल चार-पाच रात्रींचीच असते.

मीठपाणी

तेही खरं. मग नोंदणी पहिल्या दिवशी, क्लास तिसऱ्या दिवसाचा. मधे बूगी.

शाहूपुरीकर

असंच करतो. शेवटचं : मुलगा मेपर्यंत ४ फूट १० च्या जवळ जाईल. पाव इंच कमी असेल तर चालवून घेतात का?

बंधाऱ्यावरचा

नाही. अनवाणी उभं करून मोजतात आणि घासाघीस होत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे रांगेत रडारड नको. पण बूगीत त्याचं काही अडणार नाही, लहान अंगाची पोरं तिथं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

त्याला हा क्रम द्या. बोर्ड छातीखाली, हातांनी नाकाकडची कड धरायची, कोपरं बोर्डवर टेकलेली. पाण्यात उतरल्यावर आधी नुसतं स्थिर राहायचं. खाली जायचं असेल तर नाकावर थोडा दाब, वर यायचं असेल तर नाक किंचित उचलून पाय पाण्यात ओढू द्यायचे. बाजूला जायचं असेल तर त्या बाजूच्या कोपरावर भार. हे जमलं की गुडघे : हात नाकावरच ठेवून दोन्ही गुडघे एकदम पोटाखाली ओढायचे, एक-एक नाही. एक गुडघा आधी आला की बोर्ड कलतो. गुडघ्यांवर आल्यावर ढुंगण टाचांवर टेकवायचं, मग हात सोडायचे. घरात पाटावर उपडं झोपून हे रोज केलं तर जहाजावर पहिल्याच पाळीत गुडघ्यांवर येईल.