विकर, विकार की पाचकरस?

प्रश्न : डेंग्यूवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. 'विषाणूची विकरे' लिहिलं होतं, मुद्रितात 'विषाणूचे विकार' होऊन आलं. एन्झाइमला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, सर्वांना कळेल असा शब्द हवा आहे. एकाने 'पाचकरस' सुचवला.

उत्तर : पाचकरस अजिबात नको. लाळ, जठररस हे पाचकरस. त्यांच्यात विकरे असतात. विषाणूला कुठलं आलंय पोट! जुन्या लेखनात 'वितंचक' भेटतो. संस्कृतात 'आतंचन' म्हणजे विरजण, त्याच धातूचा दिसतो. शब्द मला फार आवडतो, पण विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि विकर म्हणजे नुसतं प्रथिन. शाळेच्या पुस्तकांनी रुजवलेला 'विकर'च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'विकर म्हणजे एन्झाइम' एवढं लिहा.

आणखी एक : क्रियापदही जपा. प्रोटिएजला, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या विकराला, 'प्रथिनभंजक' म्हणतात, ते इथे खटकतं. डेंग्यूचा आरएनए, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती असलेली साखळी, सुमारे १०,७०० अक्षरांचा. त्यावरून आपली पेशी एकच सलग प्रथिन तयार करते, जवळजवळ ३,४०० अमिनो आम्लांचं. त्यातून १० प्रथिनं सुटी व्हावी लागतात. काही काप पेशीचीच विकरे घेतात, बाकीचे विषाणूचं एनएस३ हे विकर, तेही एनएस२बी हे विषाणूचंच दुसरं प्रथिन जोडीला असेल तरच. शिंपी कापडातून बाह्या, कॉलर, पाठ वेगळी करतो, त्याला कोणी मोडतोड म्हणत नाही. 'कातरणे' लिहा.

प्रश्नकर्ता : पटलं. एनएस५ या आरएनएच्या प्रती करणाऱ्या विकरासाठी 'नक्कल करतं' लिहिलंय, चालेल?

आणखी एक : नक्कल थेट होत नाही हो. गणपतीच्या मूर्तीवरून आधी साचा घेतात, मग त्या साच्यातून मूर्तींवर मूर्ती काढतात. एनएस५ मूळ आरएनएवरून आधी पूरक साखळी घडवतं, तिच्यावरून नव्या प्रती. म्हणून 'प्रत काढणे' बरं. या प्रती कोणी तपासत नाही, त्यामुळे चुका राहतात आणि विषाणू बदलत जातो. चिकुनगुन्यात प्रती काढण्याचं हेच काम त्या विषाणूचं एनएसपी४ हे विकर करतं.

उत्तर : रक्ततपासणीमुळे वाचकांच्या ओळखीचं असेल ते डेंग्यूचं एनएस१ हे प्रथिन. नाव सारखं म्हणून तेही विकरांच्या यादीत जाईल, तेवढं तपासा. ते विकर नाही.