बारावीनंतर कलेच्या इतिहासाची पदवी : घरी काय सांगू?

कराडची_बारावी :

नमस्कार. मी कराडला बारावी आर्ट्सला आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्यात, पण इंटरमिजिएटला सी ग्रेड, म्हणजे हात यथातथाच. चित्रं काढण्यापेक्षा बघायला आणि त्यांच्याबद्दल वाचायला मला जास्त आवडतं. आगाशिवच्या लेण्यांत लहानपणापासून जातेय. बडोद्याला आर्ट हिस्टरीची चार वर्षांची डिग्री असते असं कळलं. पप्पा म्हणतात, "चित्रं बघायला डिग्री कशाला? तिकीट काढलं की दिसतात." मला काही बोलता आलं नाही. तिथे नक्की शिकवतात काय? ड्रॉइंग बेताचं असेल तर चालतं का? महाराष्ट्रात कुठे सोय नाही का? आणि पुढे नोकरी?

सह्याद्री_काका :

बाळ, आवड चांगली आहे. पण आधी कराडातच इतिहास घेऊन बी.ए. कर, जोडीला एमपीएससीचा अभ्यास. लेणी दोन हजार वर्षं तिथेच आहेत, अजून पाच वर्षं कुठे पळून जात नाहीत. रविवारी जात जा.

भांडारातली_ताई :

काकांचं अगदीच चूक नाही, त्याकडे येते. मी कोल्हापूरची. बडोद्याच्या फाइन आर्ट्समधून कलेतिहासात पदवी, मग एम.ए., आणि आता मुंबईत एका संग्रहालयाच्या भांडारात वस्तूंच्या नोंदी करते. (लोकांना वाटतं मी दिवसभर चित्रं बघते. दिवसभर मी एक्सेल बघते.)

पप्पांना घेऊन कार्ल्याला जा. एकवीरेच्या दर्शनाला सगळे जातात, देवळाला लागूनच चैत्यगृह (बौद्धांचं कोरीव प्रार्थनागृह) आहे. आत शिरायच्या आधी दारांच्या आजूबाजूची भिंत नीट बघ. तिथे स्त्री-पुरुषांच्या मोठमोठ्या जोड्या आहेत, भरदार, अंगावर दागिने. त्यांच्याच शेजारी बुद्धमूर्ती आहेत. दगड एक, भिंत एक, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळं एकदमच कोरलंय. पण जोड्या साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या आणि बुद्ध पाचव्या-सहाव्या शतकातले. कशावरून? बुद्धाचे चौकोन कोरताना आधीची कठड्याची नक्षी मधेच तोडलीय. तुटलेली कड बोट ठेवून दाखवता येते. शिवाय शरीरं घडवायची रीत वेगळी. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. चारशे वर्षांनी कुणाला ही भिंत बदलावीशी वाटली? जोड्या तशाच का ठेवल्या? तिकीट काढून भिंत दिसते. ती तुटलेली कड दिसायला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि पदवीची चार वर्षं मुख्यतः त्यातच जातात.

म्हणजे वर्गात काय होतं, तर पडद्यावर एक चित्र लावतात आणि विचारतात, काय दिसतंय? आपण सुरू करतो, "बुद्धाची करुणा..." की लगेच थांबवतात. करुणा नंतर. आधी हात कुठे आहे, नजर कुठे, रेघ जाड की बारीक, मोकळी जागा किती. मग मूर्तिशास्त्र, मग पैसा कुणी दिला, मग काळ कसा ठरवायचा. अजिंठ्यावर तर आमच्याकडे भांडणं व्हायची. तिथली उत्तरकालीन लेणी दोन-तीन शतकं हळूहळू होत गेली असं पूर्वी धरत. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्य घालवून मांडलं की बहुतेक सगळं काम वाकाटक राजा हरिषेणाच्या आगेमागे, वीसेक वर्षांत उरकलं. पुरावे म्हणजे अर्धवट सोडलेले खांब, दारांच्या बिजागऱ्यांची भोकं. सगळ्यांना ते पटत नाही. परीक्षेत कुठलीही बाजू घे, पण भोकांबद्दल बोलावंच लागतं.

फक्त लेणीच असतात असं नाही. युरोप येतो, चीन-जपान येतं, आधुनिक भारतीय कला येते. आजीच्या देवघरातली लक्ष्मीची तसबीरही अभ्यासक्रमात बसते. अशा तसबिरी छापणारा राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला हलला. कार्ल्याला जाताना तुम्ही उतराल तेच स्टेशन.

ड्रॉइंग : थोडं प्रात्यक्षिक असतं, पण खांबाचा आराखडा समजेल असा काढता आला तरी भागतं. सी ग्रेडवर रडू नकोस. खरा त्रास वाचनाचा. सगळं इंग्रजीत आणि ढीगभर. प्रवेशपरीक्षेचं स्वरूप मात्र त्या त्या वर्षीच्या सूचनेतच बघ, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस.

महाराष्ट्रात नेमकी हीच पदवी शोधायला गेलीस तर हाती फार लागत नाही. मुंबईचं जे.जे. कलाविद्यालय १८५७ पासून आहे, पण तिथे मुळात चित्र-शिल्प करायला जातात, कलेतिहास जोडीला. मुंबईत झेवियर्सला बी.ए.ला प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय आहे, तो जवळचा. बाहेर बडोदा आणि शांतिनिकेतनचं कलाभवन.

आता नोकरी. नुसत्या पदवीवर चांगली जागा क्वचित मिळते, एम.ए. धरूनच चाल. शिकवायचं असेल तर नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा), त्यात दृश्यकला विषयात कलेतिहास येतो. नाहीतर संग्रहालयं, गॅलऱ्या, लिलावगृहं, प्रकाशनं. काम कागदाचं : वस्तू कुठून आली, आधी कुणाकडे होती, कुठे चीर गेलीय. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपलीकडची मूर्ती पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून ती नव्वदची की एकशे दहाची यावर खरोखर वाद होतात. सुरुवातीचा पगार मुंबईत खोलीभाड्यातच संपतो. हे पप्पांना आधीच सांग, नंतर कळलं तर जास्त लागतं.

ब्राह्मी_वाचक :

ताईंशी सहमत, पण दुसरी वाटही लिहितो. मी इथे बी.ए. करून एम.ए.ला पुण्यात डेक्कन कॉलेजला गेलो. पदवीच्या वर्षांत संस्कृत घेतलं, उन्हाळ्यात मोडी शिकलो. कार्ल्याच्या खांबांवर देणगीदारांची नावं ब्राह्मी लिपीत आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन (म्हणजे तेव्हाचे ग्रीक) सुद्धा आहेत. ती स्वतः वाचता आली की मजा वेगळीच. खर्चही कमी. फक्त 'बघायचं' शिक्षण मला उशिरा मिळालं, हे खरं.

कराडची_बारावी :

पप्पांना कार्ल्याचं वाचून दाखवलं. म्हणाले, एकवीरेला इतक्यांदा गेलो, त्या भिंतीकडे पाठ करून रांगेत उभा होतो. आता विचारतायत, गुजराती यावं लागतं का? आणि माझं इंग्रजी सुधारेल का?

भांडारातली_ताई :

वर्गात गुजराती लागत नाही, रिक्षात लागतं. गायकवाडांचं शहर आहे, मराठी घरं भरपूर, डबाही मिळतो. इंग्रजी सुधारतं, पण आपोआप नाही, रोज लिहावं लागतं.

फॉर्म भरायच्या आधी एक कर. औंध तुमच्याच जिल्ह्यात आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिथे टेकडीवर संग्रहालय उभं केलं, रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं एक छोटं शिल्पही आहे. एकच चित्र निवड, अर्धा तास समोर बस आणि पानभर लिही. मराठीत चालेल. 'सुंदर', 'अप्रतिम', 'भावपूर्ण' हे शब्द वापरायचे नाहीत. कंटाळा आला तर काकांचं ऐक. दुसरं पान लिहावंसं वाटलं तर दोन्ही पानं इथे टाक, मी लाल पेन घेऊन बसते.