कपाटातली आणि बांधावरची जित्राबं

घरी पाहुणे आले की काचेच्या कपाटापाशी थबकतात. "पोरांचे काय हो?" असं विचारतात. पोरांचे नाहीत, माझे आहेत. बँकेत नोकरी, वय 46, आणि कपाटात 160 च्या वर खेळण्यातले प्राणी, त्यातली एकही जात आज जिवंत नाही.

पहिला मिळाला चौथीत असताना. जोतिबाच्या यात्रेत वडिलांनी घेऊन दिला. हिरवा, पोकळ, पाठीवर शीड उभारल्यासारखा पडदा. पोटाखाली नाव नाही, गाव नाही. तो डायमेट्रोडॉन होता, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. आणि तो डायनासोर नव्हताच! पहिला डायनासोर जन्मायच्या कितीतरी आधी, सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वीच, तो संपला होता. नात्यानं तो सरड्यांपेक्षा आपल्याला, म्हणजे सस्तन प्राण्यांना जवळचा. त्या दिवशी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. दहा वर्षं ज्याच्याशी खेळलो तो आपल्या भावकीतला निघाला.

पुढं पगार सुरू झाल्यावर श्लाइश, पापो, कलेक्टा अशा खेळणी करणाऱ्या कंपन्यांचे चांगले नग येत गेले. पण या छंदानं मला दिलेली मोठी गोष्ट कपाटाबाहेरची आहे. पायाला बोटं किती, तळवे कुठल्या दिशेला वळलेत, मान कशी धरलीय, हे बघायची सवय डोळ्याला लागली की रंकाळ्याच्या काठावरचा बगळासुद्धा वेगळा दिसायला लागतो.

म्हणून हा चर्चेचा धागा, उत्तरं खाली लिहा. तुमचं पहिलं जित्राब कुठलं? आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात असा कुठला जिवंत प्राणी बघितलात, की हा आजच्या काळातला नव्हेच असं वाटलं? एकच विनंती. खवल्या मांजरासारख्या प्राण्याबद्दल लिहिताना नेमकी जागा सांगू नका. वाचणारे सगळेच आपल्यासारखे नसतात.

गंगावेशीतून

आमचं घर कुंभाराचं. बेंदराला बैल, गणपतीला मूर्ती, दिवाळीला किल्ल्याचे मावळे, असं वर्ष हाताखालून जातं. तीन वर्षांमागं शेजारचा सहावीतला पोरगा आला. "काका, आपल्या चंद्रपूरचा डायनासोर करून द्या." मला वाटलं पिक्चरमधलं काहीतरी असेल. त्यानं छापलेलं चित्रच पुढं धरलं. लांब मानेचा इसिसॉरस. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला याची हाडं सापडली, 1997 मध्ये त्याची शास्त्रात नोंद झाली आणि 2003 मध्ये हे नाव मिळालं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरनं 'इसि'. आपल्या राज्यातलं एवढं मोठं जनावर, आणि मला नावसुद्धा माहीत नव्हतं.

बैल मी डोळे झाकून करतो. एक गोळा घ्यायचा, त्यातनंच चार पाय ओढायचे, वशिंड चिमटीत उचलायचं. या गड्याची मान मात्र ऐकेना. पहिल्यांदा आत बांबूची कामटी घातली. तिसऱ्या दिवशी मान चिरली. माती वाळताना आकसते, कामटी आकसत नाही, तर दुसरं काय होणार? मग कामटी काढली, शाडूत काथ्या कुटून घातला, मधी सुताचा दोर ठेवला आणि मान वाळूच्या उशीवर टेकवून आठ दिवस सावलीत वाळवली. तेव्हा टिकली.

पुढच्या पायांना मी हत्तीसारखी नखं काढली होती. पोरगं म्हणालं, "काका, नखं काढून टाका. या जातीच्या पुढच्या पायाला बोटांची हाडंच नसायची." ओल्या बोटानं पुसून टाकली. मग डोक्याची अडचण. त्या मूळ सांगाड्यासोबत डोकं मिळालेलं नाही, असं त्यानं सांगितलं. आता बिनडोक्याचं कसं देणार? त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या डायनासोरांची डोकी बघून लहानसं, लांबट डोकं केलं. पुढचे पाय मागच्यापेक्षा उंच ठेवले, पाठ मागं उतरती. रंग बैलाचाच दिला, तांबडा.

आता जिवंत प्राण्याचं. आमच्या कारखान्याच्या भिंतीला कुंभारमाशी येते. घमेल्यातल्या ओल्या मातीची मोहरीएवढी गोळी तोंडात धरते आणि भिंतीवर गाडगं घडवते. हरभऱ्याएवढं गाडगं, त्याला बाहेर वळलेला काठ! चाक नाही, थापी नाही. मी एकदा अख्खी सकाळ काम सोडून बघत बसलो. आत अंडं धाग्याला टांगून ठेवते, मग अळ्यांना डंख मारून लुळ्या करते, गाडग्यात भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. तो काठ ती कशासाठी वळवत असेल, हे मी अजून बघतोय. चुना मारताना त्या भिंतीचा तेवढा कोपरा आम्ही सोडतो.

मंगळवार पेठेतून

वरचं वाचून मुद्दाम लिहायला बसले. मी शिक्षिका. आमच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला दरवर्षी होतो, पन्हाळा नाहीतर विशाळगड. माची, बुरूज, मावळे जागच्या जागी. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं किल्ल्यामागच्या जंगलात त्याचे डायनासोर मांडायचे ठरवले. मोठ्या भावजींना ते पटेना. शेवटी तोडगा निघाला. किल्ल्याची हद्द पांढऱ्या रांगोळीनं आखायची, तिच्या पलीकडं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं जंगल.

त्या जंगलात मी नाचणी पेरली. तर भाचा रुसला. "आत्या, डायनासोरच्या काळात गवत नव्हतं! पुस्तकात आहे." नाचणी म्हणजे गवतच, त्याचं बरोबर होतं. मी शोधत बसले. 2005 मध्ये याचं उत्तर मिळालेलं आहे, तेही आपल्या महाराष्ट्रातनं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. त्यांत गवताच्या पानातले सिलिकाचे बारीक कण सापडले. म्हणजे त्यांनी गवत खाल्लं होतं! 2011 मध्ये तर भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही ओळखल्या गेल्या. भाच्याच्या पुस्तकातलं ते वाक्य जुनं ठरलेलं होतं. आम्ही दोघांनी पेन्सिलीनं समासात "पिसदुरा, 2005" असं लिहिलं. नाचणी चार बोटं वर आली आणि लांब मानेचे दोघं पोटापर्यंत हिरव्यात उभे राहिले.

आजऱ्याहून

भाताचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडं घनसाळ जातीचा भात असतो. एका पावसाळ्यात बांध ढासळला आणि मातीतनं काहीतरी वळवळत बाहेर पडलं. वीतभर लांब, बोटाएवढं, जांभळट, अंगभर कडी, ओलं चकाकणारं. सासूबाई म्हणाल्या, "दुतोंड्या हाय, लांब हो." दिरांनी फावडं उचललंच होतं. माझी मुलगी मधी पडली. "मारू नका काका, ते देवगांडूळ आहे."

गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे. बेडकाच्या कुळातलं, बिनपायाचं. आम्ही गुडघ्यावर बसून बघितलं. जबड्यात दात असतात. डोळा म्हणजे कातडीखालचा टिपका. डोळा आणि नाकपुडीच्या मधनं बारीकशी मिशी बाहेर येते, तिनं ते जमिनीतला वास घेतं. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, हे मुलीनं सांगितलं तेव्हा सासूबाई खाली वाकल्या. "बाळंतीण असंल तर मातीत घाल गं तिला," एवढंच बोलल्या. आमच्या शेजारच्या आंबोलीतनं यातली एक जात 2003 मध्ये जगाला नवी म्हणून कळली. आता बांध घालताना दीर पहिली माती हातानं उकरतात.

शाहूपुरीतून

माझा संग्रह पुरातनं गेलेला आहे. 2019 च्या ऑगस्टात पाणी आमच्या तळमजल्यात साडेचार फूट चढलं. आम्ही कागदपत्रं आणि आजीला घेऊन बाहेर पडलो, प्राणी तिथंच राहिले. आठवड्यानं दार उघडलं तर पोकळ होते ते तरंगत जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसलेले, भरीव होते ते कपाटाच्या तळाशी गाळात. सहा कधीच मिळाले नाहीत. बाकीचे दात घासायच्या जुन्या ब्रशनं, साबणाच्या पाण्यात, एकेक खवला करत धुतले. घरात तेव्हा मोठी नुकसानं होती, त्यामुळं मी हे रात्री सगळे झोपल्यावर करायचो. स्टेगोसॉरसच्या पाठीवरच्या तकट्यांच्या फटीत अजून पंचगंगेचा गाळ आहे. तो मी काढणार नाही.

नवीन लोकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. दोन पायांवर उभे असणारे नग उन्हाळ्यात पुढं झुकतात. कढत पाण्यात मिनिटभर धरा, पाय सरळ करा आणि लगेच गार पाण्यात घाला. आणि जुनं प्लास्टिक चिकट झालं तर घासू नका, साबणानं धुऊन पुरतं कोरडं करा आणि हवेवर ठेवा. डब्यात कोंडलं की ते जास्त चिकटतं.

शिरोळकडून

ज्यांना शिंगवाले डायनासोर आवडतात त्यांनी बाभळीची फांदी जवळनं बघावी. काटा समजून हात लावाल तो चालायला लागेल. पाव इंचाचा किडा, मानेवर दोन शिंगं, बाजूला मुंग्या राखणीला. तो झाडाचा रस पितो आणि गोड थेंब सोडतो, मुंग्या त्यासाठी राबतात. मी भिंग घेऊनच शेताला जातो.

राधानगरीतून

दाजीपूरला गवा बघायला सगळे येतात, आणि यावंच. 1958 पासूनचं, राज्यातलं पहिलं अभयारण्य आहे. पण मी पाहुण्यांना खाली पाचोळ्याकडं बघायला सांगतो. आपल्या जिल्ह्याचं नाव मिरवणारी एक पाल आहे, नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस, 2009 मध्ये नोंदलेली. जमिनीवरच राहते. तपकिरी, चटकन दिसत नाही. पण उन्हाची तिरीप पडली की अंगावरनं इंद्रधनुष्य सरकतं. पाण्यावर तेल सांडल्यासारखं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पाहुण्यांना हाक मारायची विसरलो.

पन्हाळ्यावरून

माझ्याकडं डायनासोर नाहीत. मी त्यांच्याही आधीचे जमवते, 50 कोटी वर्षांपूर्वीचे समुद्रातले. पाच डोळ्यांचा ओपाबिनिया, हॅल्युसिजेनिया. या हॅल्युसिजेनियाला 1977 मध्ये शास्त्रज्ञांनी उलटं उभं केलं होतं. पाठीवरचे काटे हेच पाय समजले. 1991 मध्ये तो सुलटा झाला. माझ्याकडं तो दोन्ही तऱ्हांनी आहे, उलटा मी स्वतः मेणाचा केला.

जूनअखेर म्हसाई पठारावर जांभ्याच्या खळग्यात पाणी साठतं. त्यात नखाएवढं, काचेसारखं काहीतरी उताणं तरंगत होतं. मेलंय समजून काडीनं सुलटं केलं, तर पुन्हा उताणं झालं. तिसऱ्यांदा कळलं, याचं पोहणंच तसं. पोट वर, पायांच्या झुलत्या जोड्या आकाशाकडं. फेअरी श्रिंप म्हणतात. खळगा आटला की हे मरतात, पण अंडी त्या करपलेल्या मातीत उन्हाळा काढतात, कधी कधी कित्येक वर्षंही, आणि पाऊस पडला की उठतात. कृपा करून अशा खळग्यांत गाडीची चाकं घालू नका. कोरडा दिसला तरी तो रिकामा नसतो.

कसबा बावड्यातून

मी पाचवीत आहे. आई टाइप करून देत आहे. माझ्याकडे अकरा आहेत. टी-रेक्स सगळ्यात आवडता. रविवारी जेवताना माझ्या ताटात कोंबडीच्या छातीचं एक हाड आलं, दोन फाट्यांचं. तसलंच हाड टी-रेक्सलापण होतं. म्हणून कोंबडी त्याच्या नात्यातली. मी आईला म्हटलं हे टाकू नको. आईनं घासून धुतलं, गच्चीवर वाळवलं. पहिल्या दिवशी त्याला रश्श्याचा वास येत होता, आता येत नाही. मी ते टी-रेक्सच्या पायाजवळ ठेवलं आहे. आई म्हणाली पुढच्या रविवारी पायपण आणते, बोटं मोजू.