खिडकीला काय लावू? उजेड नको, वारा हवा (अर्जंट)

शहापूरचा_पोरगा: पूर्वेची खिडकी, चार बाय तीन. ब्राऊन पेपर लावला, चादर टाकली, तरी सकाळी सातला कडेनं उजेड घुसतो. पंखा सोसत नाही, म्हणून खिडकी बंदही करता येत नाही. कानात काय घालायचं तेही सांगा, कापूस चालेना. गणपती आठ दिवसांवर. फालतू सल्ले नकोत.

रानजाई: कुणासाठी? आजार काय?

निपाणीचे_नाना: ब्लॅकआउट पडदे मिळतात की! आमच्या सूनबाईनं लावलेत, दुपारी झकास झोप.

शहापूरचा_पोरगा: कडेनं येतो म्हटलं ना, नाना. ताईसाठी. ताटली ठेवली तरी कळवळते.

अर्धशिशी_२२वर्षं: मायग्रेन असणार. मला गुलाबी छटेचा एफएल-४१ चष्मा लागू पडला. घरात काळा गॉगल दिवसभर नको, डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड जास्तच बोचतो.

शहापूरचा_पोरगा: मायग्रेन नाही. एमई/सीएफएस, जराशा श्रमानंही बळावणारा दीर्घ थकव्याचा आजार. दीड वर्ष अंथरुणावर.

रानजाई: हे आधी लिहायचं नाही होय!

योगी_खानापूर: नाकात गाईचं तूप, दोन थेंब. आणि अंधारात ठेवून लाड करू नका. रोज पाच मिनिटं उन्हात बसवा, वाढवत न्या. सवय होते.

अंथरुणावरून: काका, या आजारात ते उलटतं. माझ्याकडे आज पाहुणे आले की मी उद्या पडते ती आठवडाभर. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये व्यायाम ठरवून वाढवत नेण्याचा उपचार या आजारासाठी बंदच करायला सांगितला. पोरा, खिडकीच्या मापाची काळी फळी चौकटीत घट्ट बसव, खाली चार बोटं फट सोड. फटीसमोर आतून वीतभर अंतरावर दुसरी काळी फळी उभी कर, फटीपेक्षा उंच आणि रुंद. वारा वळसा घालून येतो, उजेड बराचसा तिथंच अडतो. कानाला फोमचे प्लग. चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत बोट ठेवायचं. डॉल्बीचा दणका मात्र छातीतून येतो, त्याला प्लग पुरत नाही.

योगी_खानापूर: ब्रिटनचं इथं कशाला?

वडगाव_साडी: बेळगावच्या शहापुरात आहात तर मागांचा आवाज असणारच. दोन पॉवरलूम विकायचे आहेत, कुणाला हवेत?

शहापूरचा_पोरगा: मागाचं तिला काही वाटत नाही, तो एकसारखा चालतो. कुकरची शिट्टी, फटाका, अचानक येतं ते नको.

मंडळाचा_पक्या: गणपतीला नावं ठेवू नका.

कोर्टाच्या_पायऱ्या: कुणी ठेवलीत? ध्वनिप्रदूषण नियम २०००: स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, सरकारनं सवलत दिलेल्या दिवशी १२ पर्यंत चालतो. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. ११२ ला फोन करा. मंडळाला आधीच भेटा. पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा तर कन्नडात द्या, लवकर हलतो.

टिळकवाडी_जुना: मराठीतच द्यायचा! आणि वर ‘बेळगाव’च लिहायचं.

रानजाई: झालं सुरू.

शहापूरचा_पोरगा: सुतार उद्या येतोय. चार बोटं म्हणजे किती इंच?

अंथरुणावरून: चार बोटं म्हणजे चार बोटं. ठेवून बघ की.